कुमुदताईंच्या वहीतलं कोरं पान

तात्यापाऱ्यातल्या कुमुद हिशीकरांच्या घरी चहाबरोबर पोहे आले, की लग्न जमलं म्हणून समजावं. आणि सुपारीची तबकडी आली, की मुकाट्यानं चप्पल घालावी. रायपूरच्या मराठी घरांमध्ये हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. आता या गावात मराठी घरं अशी किती? भोसल्यांच्या फौजेबरोबर येऊन इथलीच होऊन गेलेली काही, आणि नवी राजधानी झाल्यावर नोकरीनिमित्त आलेली काही. सगळी धरली तरी कुणाच्या घरात कुणाचं काय दुखतं हे एकमेकांना कळावं, इतकीच. आणि जे कुणालाच कळत नसे, ते कुमुदताईंना कळे.

वय शहात्तर, अंगानं काडी, पण कान असे तिखट की पुरानी बस्तीत कुणी शिंकलं तर तात्यापाऱ्यात बसून त्या सर्दी किती दिवसांची ते सांगत. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान भाड्यानं दिलेलं, वर तीन खोल्या, आणि मधल्या खोलीतल्या कपाटात लाल रेक्झिनची जाडजूड वही. बाकीच्या लग्न जमवणाऱ्या बाया पत्रिका ठेवतात. कुमुदताई पत्रिकांना हसत. "पत्रिका काय, कोणताही भटजी पाहिजे तशी करून देते. वाकलेली पाठ सरळ कशी करून देईल?"

त्या वहीत एकेका घराला एकेक पान होतं. कुणाच्या आजीला कोड होतं आणि ती बारा महिने लांब बाह्यांचं पोलकं का घालायची. कुणाचा काका दम्यानं गेला आणि घरचे 'हार्ट' म्हणून सांगतात. कोणता मुलगा सत्यनारायणाच्या पूजेत तीनदा उठून आत गेला आणि प्रत्येक वेळी किती मिनिटांनी परतला. हे सगळं त्या मिळवत कसं? फार सोपं होतं. कुणी दवाखान्यात भरती झालं, की मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन पहिल्या हजर. खिचडी पेशंटसाठी, नजर औषधांच्या चिठ्ठीवर. लोक म्हणत, काय माया आहे हो बाईंची! माया होतीच. फक्त घरी आल्यावर ती वहीत उतरे.

आणि एक सांगायला हवं, त्यांनी जन्मात कुणाला तोंडानं नकार दिला नाही. मुलाचे आईबाप विचारायला येत, "अमक्यांची मुलगी कशी काय?" त्या आत जाऊन पान पाहून येत. पान चांगलं असलं की पोहे, लिंबाच्या फोडीसकट. नसलं की तबकडी पुढे करून गोड आवाजात, "सुपारी घ्या नं." आलेली माणसं सुपारी तोंडात टाकत आणि त्या मुलीचं नाव पुन्हा काढत नसत. त्या मुलीला मात्र आपल्यावर सुपारी कातरली गेली हे कधी महिन्यानं कळे, कधी वर्षानं.

देवयानी पाठकला आठ दिवसांत कळलं.

ही छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरानी बस्तीतल्या पाठकांची देवयानी, वय चोवीस, नुकतीच बायोलॉजीची मास्तरीण झालेली, दिसायला अशी की बिलासपूरहून आलेला बँकेतला मुलगा चहाचा कप बशीत न ठेवता मांडीवरच ठेवून बसला. सगळं ठरल्यात जमा. तेवढ्यात मुलाची आई रीतीप्रमाणे तात्यापाऱ्यात चढून आली. देवयानीचे वडील कमरेतून पुढे वाकलेले. पंचेचाळिशीतच मान वर होत नसे, चालताना नजर जमिनीवर. कुमुदताईंनी पान पाहिलं, तबकडी पुढे केली. तिथेच थांबल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण जिभेला खाज होती. म्हणाल्या, "माणूस फार चांगला हो. फक्त रस्त्यानं असा चालते, जसं आठाण्याचं नाणं पडलं आणि अजून सापडलंच नाही."

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसली. बिलासपूरची गाडी रिकामीच परत गेली आणि पाठकांचं नाव त्या दिवसापासून 'आठाण्यावाले' पडलं. देवयानीसाठी पुढे आणखी चार स्थळं आली. चौघांनाही सुपारी मिळाली. मग येणं बंद झालं. चाळिशीत देवयानीची स्वतःची पाठ धरली, पन्नाशीत मान. आता साठाव्या वर्षी तिला बाजूला बघायचं तर मान वळत नाही, पायापासून सगळी वळावी लागते. आणि तरीही दर चैत्रात हळदीकुंकवाला, लग्न झालेलं नाही म्हणून, तिला चिमुरड्या पोरींच्या ओळीत शेवटी कुंकू लागायचं. एका वर्षी कुमुदताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही आमची सगळ्यात जुनी कुमारिका." बायका हसल्या. देवयानीही हसली. आता कुमुदताई तो विनोद विसरून गेल्या. विनोद करणारा विसरतोच.

तर असं हे दुसऱ्यांचं. आता स्वतःचं.

कुमुदताईंच्या वहीत हिशीकरांचंही पान होतं. वर 'हिशीकर' असं नाव, खाली सुबक रेघ, आणि त्याखाली काही नाही. घरात काही नव्हतंच असं नाही. सासरे वाकलेले होते. पण ते 'देवापुढे वाकून वाकून'. यजमानांचे, म्हणजे अण्णांचे, डोळे वर्षातून दोनदा रक्तासारखे लाल होत आणि शेवटी एक गेला. पण तो 'होमाच्या धुरानं'. मुलगा अश्विन अभनपूरच्या धानाच्या व्यापारात, त्याच्या पोटाचं पंचवीस वर्षं काही खरं नव्हतं, मधूनमधून रक्तही पडे. पण ती 'बाहेरच्या खाण्याची उष्णता', तिच्यावर बेलाचा मुरंबा. दुसऱ्याच्या घरात जो रोग असे, तो यांच्या घरात सवय असे.

मग नात आली वाट्याला. स्वरदा, अश्विन आणि मीनलची एकुलती एक. नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात नोकरी, मराठी सगळं कळे, पण उत्तर द्यायची ते हिंदीत. एकविसाव्या वर्षापासून सकाळी तिला उठवत नसे. पाठ लाकडासारखी, नऊ-दहा वाजता कुठे सैल होई. कुमुदताई दाराशी उभ्या राहून म्हणत, "पोट्टीले झोप प्यारी आहे, दुसरं काई नाही. उद्या सासू अशी लोळू देईन का?" स्वरदा भिंतीला धरून उठे आणि म्हणे, "हव आजी, आलसी हूँ मैं."

मग तिचा डावा डोळा लाल झाला. मीनल म्हणाली डॉक्टरला दाखवू. कुमुदताईंनी हात आडवा धरला. रायपुरात दाखवायचं म्हणजे कुणीतरी बघणार. त्यांनी स्वतः जन्मभर दवाखान्यांच्या बाकांवर बसून हेच तर केलं होतं! म्हणून नातीला ओढणीनं तोंड झाकून अभनपूरला नेलं. तिथल्या एका जाणकारानं मधाचे थेंब दिले. डोळा उतरला. वर्षानं पुन्हा लाल झाला, पुन्हा अभनपूर, पुन्हा मध. तिसऱ्या वेळी उतरला नाही. दिवाळीनंतर नागपूरला नेऊ, कुमुदताई म्हणाल्या. दिवाळी दीड महिन्यावर होती. दिवाळीनंतर नागपूरच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि मीनलला विचारलं, "इतके दिवस कुठे होता?" मीनलनं सासूकडे पाहिलं. सासू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती. स्वरदाला आता डाव्या डोळ्यानं उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

डोळ्याच्या डॉक्टरनं सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. हा रायपुरातच निघाला, पुण्याहून आलेला तरुण डॉक्टर शिशिर. कुमुदताईंनी मागच्या दाराची वेळ घेतली, दुपारी तीनची, जेव्हा बाक रिकामे असतात. त्यानं रक्ताची तपासणी केली आणि कागद पुढे ठेवून म्हणाला, "रक्तात एक खूण असते, जन्मतः, आईबापांकडून आलेली. ती स्वरदात आहे. पाठ, डोळा, पोट, कातडीचे काही आजार, हे वरून वेगळे दिसतात, पण यांची मुळं आत एकमेकांत गुंतलेली असतात. एका घरात एकाची पाठ, दुसऱ्याचा डोळा, तिसऱ्याचं पोट. शरीर स्वतःवरच उलटतं, एवढंच."

कागदावर एक तक्ता होता. कोणत्या देशात शंभरात कितीजणांत ही खूण. कुमुदताईंनी चष्मा पुसून वाचलं: नॉर्वे, फिनलंड, जर्मनी. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हे तं युरोपवाल्यांचं आहे! आपल्याले काहून लागू करून राहिले?"

"आजी, मोजणी तिकडे झाली म्हणून नावं तिकडची," डॉक्टर हसला. "हजारो लोकांचं रक्त, त्यांच्या घराण्यांच्या नोंदी, सगळं तिथं लिहून ठेवलंय. आपल्याकडे कुणी एवढं लिहिलंच नाही. आणि घाबरू नका, खूण असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांना वेळेवर औषध द्यायचं, बस. घरात आधी कुणाला काही?"

"कोणालेच नाही," कुमुदताई म्हणाल्या.

मीनल तक्त्याच्या कागदाची बारीक घडी घालू लागली. स्वरदा उजव्या डोळ्यानं छताकडे बघत होती.

आपल्याकडे कुणी लिहिलंच नाही, हे वाक्य मात्र कुमुदताईंना झोंबलं. पुढच्या वेळी त्या वही पिशवीत घालून घेऊन गेल्या. डॉक्टर पानं उलटत गेला आणि खुर्चीत सरळ झाला. "आजी, हे तुम्ही लिहिलंय? अहो, हे बघा, या घरी आजोबांची पाठ, नातवाचे डोळे. इथे बहिणीची कातडी, भावाचं पोट. तुम्ही वेगवेगळे दोष म्हणून लिहिलेत, पण हा एकच धागा आहे! चाळीस-पन्नास वर्षांची नोंद!" कुमुदताई फुलल्या. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसानं त्यांच्या वहीला काहीतरी म्हटलं होतं. तेवढ्यात त्यानं एक पान उघडलं, वर नाव वाचलं, खालचा कोरा कागद पाहिला, पुन्हा नाव वाचलं. मग वही हळूच मिटून परत दिली. त्यालाही सुपारी पुढे करता येत होती म्हणायची.

असो. स्वरदाला इंजेक्शनं सुरू झाली आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा ती सकाळी सातला सरळ उभी राहिली. यात आनंद मानायचा, पण कुमुदताईंचा जीव अडकला होता तो तिच्या लग्नात. नागपूरचं एक स्थळ घरी येऊन गेलं. मुलाच्या बहिणीनं डावीकडून पाण्याचा ग्लास पुढे केला, स्वरदाला दिसला नाही, ग्लास साडीवर. मुलाची आई निघताना मीनलला म्हणाली, "सुपारी असेल तर द्या, चालता चालता खाऊ." नागपूरपर्यंत रीत पोचलेली होती! कुमुदताईंनी हिशेब केला, ही बातमी रायपुरात यायला आठ दिवस. त्याच्या आत पोट्टीचं जमलं तर जमलं, नाहीतर उरलेला जन्म ती चिमुरड्यांच्या ओळीत.

आणि मग त्यांना ती युक्ती सुचली, जी फक्त पन्नास वर्षं लग्नं जमवलेल्या बाईलाच सुचावी. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा शोधतात. दोष दोषाला कापतो. मग रक्तातल्या खुणेला रक्तातलीच खूण! त्यांनी वही उघडली. तीच पाठ, तीच मान. पान पाठकांचं. देवयानीचा भाचा आशय, तिच्या भावाचा मुलगा, तीस वर्षांचा, इंजिनियर, आणि औषधांच्या दुकानातून कळलं होतं की त्यालाही तीच इंजेक्शनं चालू आहेत.

"मीनल," त्या म्हणाल्या, "दोघं बी पॉझिटिव्ह. कटून गेला दोष."

"आई, डॉक्टरला विचारा तरी."

"डॉक्टर काय लग्नं जमवते?"

पुरानी बस्तीत पाठकांच्या दारात त्या दुपारी चारला पोचल्या. देवयानीची वहिनी पूर्णिमा, आशयची आई, दार उघडून पाहतच राहिली. आत आरामखुर्चीत देवयानी बसलेली. आवाज ऐकून ती उठली, पायापासून सगळी वळली, आणि मग म्हणाली, "या कुमुदकाकू. आठाण्यावाल्यांच्या घरी वाट चुकली काय?"

"असं काहून बोलतेस देवी. जुनं झालं नं ते."

"मी पण झाली जुनी. सगळ्यात जुनी, तुम्हीच म्हटलं होतं."

कुमुदताई पाणी प्यायल्या. मग मंगळाचा सगळा सिद्धांत सांगितला, युरोपच्या तक्त्यासकट. देवयानी ऐकता ऐकता हसू लागली आणि छातीला हात लावून थांबली. "काकू, हसवू नका. माझ्या बरगड्या आता हसण्याएवढ्या उघडत नाहीत."

पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलेली बाई ती. खूण खुणेला कापत नाही, दोन्हीकडून मिळाली तर पोराच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढतेच, हे ती झोपेत सांगू शकली असती. सांगितलं नाही. म्हणाली, "चांगलं सुचलं तुम्हाला."

"मंग? आशय कुठी आहे? एक डाव पोरगा पाहिला असता."

"भिलाईला गेलाय."

"नेहमी भिलाईलेच असते वाटते."

"आजकाल नेहमीच," पूर्णिमा म्हणाली आणि घाईनं आत गेली.

देवयानीनं काठी टेकली. "माझी एकच अट आहे, काकू. आमचं पान तुमच्या वहीत आहे. सगळ्या गावाचं आहे. तुमचं बी लिहा. खरं खरं, तुमच्या अक्षरात. आणि पुढच्या मंगळवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, तिथे सगळ्यांसमोर वाचा. पोरीलाही आणा."

"सगळ्यांसमोर? आपसात सांगितलं तं नाही चालणार?"

"आमचं आपसात सांगितलं होतं का तुम्ही?"

कुमुदताई चहाच्या ट्रेकडे पाहत होत्या. पूर्णिमेनं नुसता चहा आणला होता. पोहे नाहीत, सुपारीही नाही. "मंग पोहे मिळतील नं, देवी?"

"तुमच्याच घरची रीत पाळू, काकू. पुढे जे ठेवायचं ते ठेवू."

तीन दिवस कुमुदताई त्या कोऱ्या पानापुढे बसल्या. दुसऱ्यांचे रोग लिहिताना हात कसा सरसर चालायचा! पहिल्या दिवशी एकच ओळ झाली: 'सासरे, पाठ किंचित वाकलेली.' मीनल भाजी निवडत समोर येऊन बसली. अठ्ठावीस वर्षं या घरात तिनं सासूपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"किंचित नाही, आई. जेवताना ताटात नाक जायचं त्यांचं. तसं लिहा."

कुमुदताईंनी लिहिलं.

"अण्णांचा डोळा लिहा. होमाचा धूर नका लिहू. होम झालाच नव्हता त्या वर्षी."

लिहिलं.

"ह्यांचं पोट लिहा. रक्त पडायचं ते. मुरंबाही लिहा."

"मुरंबा काहून?"

"लिहा नं. पाठकांच्या पानावर तुम्ही नाण्याचं लिहिलंय, मी वाचलंय." मीनलनं मेथीची काडी मोडली. "आता स्वरदाचा डोळा. पहिल्यांदा लाल झाला ती तारीख मला पाठ आहे, दिवाळीपर्यंत थांबलो ती बी. सांगू?"

मंगळवारी पाठकांच्या बैठकीत चाळीसेक बायका होत्या. गौर झोपाळ्यात बसलेली, कैरीची डाळ, पन्हं, टरबुजाच्या कातरलेल्या फोडी, आणि वर पंखा असा की हवेपेक्षा आवाज जास्त. कुमुदताई नातीला हिरव्या साडीत घेऊन आल्या आणि बायकांच्या माना एकदम वळल्या, देवयानीची सोडून. कुंकू लावून झालं. शेवटी चिमुरड्यांच्या ओळीत देवयानीला लागलं. तिच्या अलीकडे यंदा स्वरदा बसली होती.

"कुमुदकाकू आज काही वाचणार आहेत," देवयानी वर्गातल्या आवाजात म्हणाली.

कुमुदताई उभ्या राहिल्या. वही उघडली. आवाज खणखणीत लावला. पोट्टीच्या लग्नाचा प्रश्न होता. सासऱ्यांची पाठ वाचली, ताटातलं नाक वाचलं. एक-दोघी खुसखुसल्या. यजमानांचा डोळा वाचला. अश्विनचं पोट, रक्त, मुरंबा. "अगं बाई, मुरंबा!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला, अगदी तसाच, जसा कुमुदताईंच्या विनोदांवर पिकायचा. मग स्वरदाचं वाचलं. पाठ किती वर्षं. डोळा कोणत्या तारखेला. दिवाळीपर्यंत का थांबलो. इथे कुणी हसलं नाही. स्वरदा मांडीवरच्या हातांकडे पाहत होती आणि चाळीस बायका तिच्या डाव्या डोळ्याकडे.

कुमुदताईंनी वही मिटली. चेहरा घामानं डबडबला होता, पण त्यावर एक आशा होती; ज्यांना सगळं देऊन टाकल्यावर बदल्यात काही मिळणार असतं, त्यांच्या चेहऱ्यावर असते तशी. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. फोडणीचा वास यावा म्हणून श्वाससुद्धा ओढला असेल.

पूर्णिमा बाहेर आली. मान खाली. हातात पितळेची तबकडी. ती तिनं कुमुदताईंसमोर ठेवली. कातरलेली सुपारी होती.

"घ्या नं, काकू," देवयानी गोड आवाजात म्हणाली.

"देवी... तू म्हटलं होतं..."

"रीत पाळू म्हटलं होतं. आशयचं तर माघातच ठरलंय. भिलाईची मुलगी आहे, बंगाली, दवाखान्यात नर्स. तिला सगळं सांगून, तिनं सगळं समजून. तुमच्या वहीत यायचंय अजून, लिहून घ्या."

कुमुदताईंनी बायकांकडे पाहिलं. एकेकीच्या घराचं पान त्यांना तोंडपाठ होतं: हिच्या आईला कोड, हिच्या दिराला फेफरं, हिच्या लेकीचं स्थळ सुपारीवर गेलेलं. कुणीही नजर चुकवली नाही. आणि मग, तबकडी पुढे आल्यावर नाही म्हणायची सवयच नसल्यासारखा, त्यांचाच हात तबकडीकडे गेला. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला. दात उरले होते चार; तो चावला जाईना आणि सगळ्यांसमोर थुंकताही येईना.

स्वरदा उठली. साडीच्या निऱ्या सावरून देवयानीसमोर गेली. "आंटी, आपने अच्छा बदला लिया. बस मेरी तरफ देखके लेतीं."

देवयानीला खाली बसल्या बसल्या तिच्या तोंडाकडे मान वर करता येत नव्हती. तिला स्वरदाची फक्त हिरवी साडी दिसत होती, कमरेपर्यंत. तिनं काठी शोधली, उठायला लागली, पण तोवर स्वरदा वळली होती.

तरीही देवयानी उठली. कुमुदताई अंगणातून फाटकाकडे जात होत्या, नातीचा हात धरून, गालात सुपारी. मान वळत नव्हती म्हणून देवयानी पायापासून वळत गेली, एकेक इंच, दातओठ खात, आणि त्यांचं प्रत्येक पाऊल तिनं शेवटपर्यंत पाहिलं. छत्तीस वर्षं वाट पाहिली होती. थोडं दुखलं तर दुखलं.

बाहेर ऑटो उभा होता. कुमुदताई आधी चढल्या आणि स्वतःला डाव्या कोपऱ्यात दाबून बसल्या. स्वरदा शेजारी बसली. ऑटो तात्यापाऱ्याकडे निघाला. कुमुदताईंना काहीतरी म्हणायचं होतं. सुपारी गालातून काढून मुठीत घेतली, नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला. स्वरदा दचकली, अंधारात कुणी हात लावल्यावर दचकावं तशी.

"आजी, इस तरफ आके बैठो," ती सरकत म्हणाली. "उधर से आप मुझे दिखती नहीं."